हजेरीपटावरचं आठवं नाव

निघायच्या दिवशी बाबांनी तुळशीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्या तळकोकणात घरातून कोणी मुंबईला निघालं की देवाला असं साकडं घालतात. घरातला मोठा माणूस एकेक मागणी बोलतो आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. बाबा डोळे मिटून म्हणत होते, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज मुंबयक जातासा. वाटेत काय अडचण इली तर ती दूर कर रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग त्यांनी दादाचं घर सुखी ठेवायला सांगितलं, वहिनीच्या नोकरीला यश मागितलं, त्यांच्या तान्ह्या पोरीला बरी ठेव म्हणाले. शेवटी माझ्यासाठी नवरा मागितला, "हिका बरो घोव गावांदे रे म्हाराजा." मीही सगळ्यांबरोबर होकार भरला आणि पुढच्या मागणीची वाट बघत हात जोडून उभी राहिले. बाबांनी डोळे उघडले आणि नारळ फोडला.

मी आईच्या कानाशी म्हटलं, "माझ्या कॉलेजचं राहिलं."

"देवाक सगळा कळता," आई म्हणाली. "चल, गाडी चुकात."

एस.टी. वेळेवर आली. त्र्याऐंशी सालचा जून होता आणि मी अठरा वर्षांची होते. वळणावर गाडी गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही, कारण मला राग आला होता. तुम्ही वाडीत राहिलेले अजून म्हणता, शालू रडलीसुद्धा नाही, दगडाच्या काळजाची. रडायचं सुचलंच नाही. देवाकडे माझी मागणी गेली नाही म्हणजे ती आता मलाच वसूल करावी लागणार, एवढंच डोक्यात होतं.

खरं तर मुंबईला येण्याआधीच मी माझा पहिला सौदा केला होता. बाबा गिरणीत होते. संपात गिरणी बसली आणि ते गावी परतले ते कायमचे. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने आधीच अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली होती आणि बोरीवलीला पूर्वेला, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर वन-रूम-किचन घेतलं होतं. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, तिची पाळी दुपारी बाराची. घरात सहा महिन्यांची पिंकी. दादाने पत्र पाठवलं, शालूला पाठवा, तिलाही मुंबई दिसेल. मी उलट टपाली लिहिलं: मुंबई बघायला येणार नाही. सकाळच्या कॉलेजात नाव घालणार असशील तर येते. साडेअकराला घरी हजर होईन, मग वहिनीने खुशाल कामावर जावं. बाबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "भावावांगडा सौदो करतंस?" मी म्हटलं, "मग कोणाशी करू?" दादाचा होकार आला.

कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं. सकाळी सात ते अकरा आर्ट्स, त्यानंतर तीच बाकं कॉमर्सवाल्यांची. इतिहास घेतला तो कोणा राजावर जीव जडला म्हणून नव्हे. माझ्या घरात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असायचं, असंच असतं. आणि इथे कारखानीस मॅडम पहिल्याच आठवड्यात फळ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "कोणी काहीही सांगितलं की विचारायचं, कशावरून? मी सांगितलं तरी विचारायचं." अंधेरीच्या जुन्या, शिकल्यासवरल्या घरातल्या बाई. सुती साडी, हळू आवाज, रागावल्या तरी त्या रागावल्यात हे कळायला वेळ लागायचा. मी आयुष्यभर भांडकुदळ म्हणून बोलणी खाल्लेली. आणि इथे भांडणालाच मार्क मिळत होते. मी हरखून गेले.

दुसऱ्या वर्षी मॅडम आम्हाला कान्हेरीच्या लेण्यांत घेऊन गेल्या. नॅशनल पार्कच्या गेटातून चालत वर जाईपर्यंत निम्मी मुलं गळाठली. एका पाण्याच्या टाक्याजवळ दगडावरची अक्षरं दाखवून मॅडम सांगू लागल्या की दान देणाऱ्यांची नावं इथे कोरलेली असतात, त्यात बायकांचीही असतात. मी म्हटलं, "कशावरून बाईने दिलं, मॅडम? नवऱ्याने दिलं असेल आणि पुण्यासाठी नुसतं तिचं नाव घातलं असेल." मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परब, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. नाव आहे म्हणजे माणूस तिथे होतं, असं धरून चालायचं नाही." उतरताना त्या माझ्याबरोबर चालल्या. मी टी.वाय.ला सहाच्या सहा पेपर इतिहासाचे घ्यायचे, पुढे एम.ए. करायचं, हे त्यांनी चालता चालता ठरवून टाकलं. माझ्यासाठी कोणी काही ठरवलं आणि मला राग आला नाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

एस.वाय.ची परीक्षा झाली आणि प्राचार्यांनी नोटीस लावली. इतिहासाचा पूर्ण वर्ग हवा असेल तर निदान आठ फॉर्म पाहिजेत. आठ झाले नाहीत तर वर्ग बंद. ज्यांना इतिहासच हवा त्यांनी चर्चगेटकडच्या कॉलेजात जावं. चर्चगेटहून साडेअकराला मी घरी पोचणार कशी? म्हणजे वर्ग बंद तर माझं शिक्षण बंद. मॅडमचीही गत फार वेगळी नव्हती. वर्ग गेला तर त्यांना अकरावी-बारावीच्या तासांवर ढकलणार होते. त्या स्टाफरूममध्ये बसून म्हणाल्या, "बघू, किती येतात." मी म्हटलं, "येत नसतात मॅडम, आणावे लागतात."

आले होते तीन. बाकीचे मी आणले. दोन मैत्रिणी समाजशास्त्र घेणार होत्या, त्यांना सांगितलं की नोट्स माझ्याकडून मिळतील. आणखी एका मुलीच्या वडिलांना कांदरपाड्याला जाऊन भेटले. ते म्हणाले, मुलगी घराजवळ राहिली पाहिजे. मी म्हटलं, मग इतिहासच, समाजशास्त्राच्या वर्गात मुलगे फार आहेत. हे खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं. सातवी मीच होते. आठवा हर्षद. त्याच्या वडिलांचं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्याला काहीच शिकायचं नव्हतं.

"मेरा क्या फायदा, वो बोल," हर्षद म्हणाला.

"ग्रॅज्युएट होशील. लग्नाला उपयोग होईल."

"ते तर हिंदी घेऊन पण होईन ना."

"हिंदीला तिवारी सर आहेत. ते रोज हजेरी घेतात. मॅडम घेतात, पण तुझ्यासारख्यांकडे डोळेझाक करतात. वर नोट्स मी देणार, तुला समजतील अशा."

"मराठी में?"

"मग काय तुझ्यासाठी गुजराती शिकू?"

तो हसला आणि त्याने फॉर्मवर सही केली. शेवटच्या दिवशी मी आठ फॉर्म प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. ते मॅडमना म्हणाले, "कमाल केलीत तुम्ही." मॅडम म्हणाल्या, "आमची मुलं चांगली आहेत." मी दाराशी उभी होते. तेव्हा काही वाटलं नाही, फार आनंदात होते.

जुलैत वहिनीची पाळी बदलली. सकाळी सात ते दोन. पिंकी अडीच वर्षांची. दादाने जेवताना सांगितलं, "आता तू सकाळची घरी लागशील."

"पाळणाघर आहे ना खालच्या गल्लीत," मी म्हटलं.

वहिनी म्हणाली, "घरात सख्खी आत्या असताना पोर पाळणाघरात? लोक काय म्हणतील, शालू?"

"लोकांना विचारून पाळी बदललीस काय?"

दादाने ताट सारलं. "आवाज खाली. दोन वर्षं शिकलीस ना? बी.ए. झालीस काय आणि नाही झालीस काय, चुलीपाशीच येणार आहेस."

मी हातातली वाटी आपटली. स्टीलची होती, फुटली नाही, नुसता आवाज झाला आणि पिंकी रडायला लागली. मग तिला गप्प करायला मलाच उठावं लागलं.

दादाचं म्हणणं, मी फॉर्म मागे घ्यावा. फॉर्म मागे म्हणजे वर्गात सात, म्हणजे वर्ग बंद. ज्यांना मी घरोघरी जाऊन जमवलं होतं त्यांचंही वर्ष मी बुडवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून निघाले ती कॉलेजात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते रविवारी. तुझ्या भावाशी बोलते."

मी त्यांना बजावून सांगितलं. आजही मला शब्दन् शब्द आठवतो. "मॅडम, दादा एकदम नाही म्हणणारा माणूस आहे. तुम्ही आठवड्याचे सहाही दिवस मागा. तो नाही म्हणेल. मग चारवर या. तो कुरकुरेल. मग तीनवर मान्य करा. तीन दिवस शेजारच्या कुलकर्णी काकू पिंकीला ठेवून घेतील, मी त्यांना विचारलंय. पण सुरुवात सहापासून करा." मॅडम मान हलवत होत्या. "कळलं गं," म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहाला त्या आल्या. वहिनीने शिरा केला, चांगले कप काढले. मी पिंकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. मॅडमनी भिंतीवरच्या फोटोंची चौकशी केली, बाबांच्या गिरणीची केली. मग म्हणाल्या, "मिस्टर परब, बहीण हुशार आहे तुमची."

"ते आहेच हो मॅडम," दादा म्हणाला. "पण आमचीही अडचण बघा. घरी लहान मूल."

मी मनात म्हणत होते, आता. सहा म्हणा.

"तुमची अडचण मला कळते," मॅडम म्हणाल्या. "तिने रोज यायला हवं असं माझं मुळीच म्हणणं नाही. फक्त तिने फॉर्म मागे घेऊ नये. नाव राहू दे. हजेरीचं मी बघते. घरी अभ्यास करेल, परीक्षेला बसेल. काय?"

दादाचा क्षणभर विश्वास बसेना. "म्हणजे यायलाच नको?"

"नको."

"बघा," वहिनी म्हणाली, "किती समजूतदार आहेत मॅडम."

पाच मिनिटांत मिटलं. दादाला घरात माणूस मिळालं, मॅडमना आठवं नाव मिळालं, सात मुलांना वर्ग मिळाला. त्या खोलीत मीच एक अशी होते जिला कोणी काही विचारलं नाही. मी मॅडमना पोचवायला जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, "तुम्ही सहा मागितलेच नाहीत."

"अगं, मिळण्यासारखं होतं तेवढं घेतलं. तुझा भाऊ तयार झाला नसता."

"कशावरून, मॅडम?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिंकीच्या गालाला हात लावला आणि खाली उतरल्या.

पुढे मी पंचवीस-तीस वर्षं जागा विकल्या. बोरीवलीत नव्या इमारती उठत होत्या तेव्हापासूनची मी एजंट. बिल्डर, वकील, घर विकताना रडणारे आणि रडल्याचं सोंग करणारे, सगळ्यांशी घासाघीस केली. तेव्हा धंद्याच्या भाषेत सांगते. त्या रविवारी मॅडमनी केला तो सौदा वाईट नव्हता. सगळ्यांना काही ना काही मिळालं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तोच केला असता. मला सलतं ते एवढंच की त्यांनी माझ्यासाठी एकदा मागून बघितलं नाही. नकार आला असता तर चाललं असतं. मागितल्यावर हरलेला माणूस मला आवडतो. न मागताच समजूतदार झालेला मला सहन होत नाही, आणि या एका गोष्टीवरून मी नंतर किती माणसं तोडली, त्याची आता मोजदाद नको.

ते वर्ष मी तिसऱ्या मजल्यावर काढलं. सकाळी सहाला वहिनी निघायची, मागोमाग दादा. खिडकीतून कॉलेजला जाणाऱ्या मुली दिसायच्या. पिंकीला भरवताना मी घड्याळ बघून सांगू शकायचे, आता मॅडम फळ्यावर तारीख लिहीत असतील. शनिवारी बाराच्या सुमाराला हर्षद यायचा आणि दारातच वही द्यायचा. नोट्स मी द्यायच्या ठरल्या होत्या. द्यायला लागल्या त्याला. वर्गात न झोपता त्या बिचाऱ्याने वर्षभर सगळं लिहून घेतलं. अक्षर असं की मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेलीय. मराठी वाक्याच्या मध्येच गुजराती अक्षर यायचं.

"मॅडम रोज तुझं नाव घेते," तो एकदा म्हणाला. "परब म्हणते, आणि कोणी काय बोलायच्या आधी टिक करते."

"आणि तुम्ही?"

"हम क्या? हम भी बैठे हैं ना तेरे वजह से." मग जरा थांबून म्हणाला, "कान्हेरीला परत गेलो होतो. तुझ्यासारखं कोणी विचारलं नाही यार. बोर झालं."

मी वही घेतली आणि दार लावलं. तो चांगला मुलगा होता, पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला.

परीक्षेचे सहा दिवस कुलकर्णी काकूंनी पिंकीला ठेवून घेतलं. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. एम.ए.चं कोणी बोललं नाही, मीही नाही. निरोप समारंभाच्या दिवशी वर्गाचा फोटो काढला, त्याची एक प्रत हर्षदने आणून दिली. फोटोखाली छापलेली नावं आठ, वर चेहरे सात, मधे खुर्चीवर मॅडम. उद्या कोणी तो हजेरीपट उघडला तर त्याला वाटेल, परब नावाची मुलगी वर्षभरात एक दिवसही चुकली नाही. कागद तसंच सांगतो. आमच्या घरातही तसंच सांगतात. दादा चारचौघांत म्हणतो, "बहिणीला मी बी.ए. केलं." वाडीतही तेच पोचलंय, मला ठाऊक आहे.

नोकरी लागली, मग ती सोडून धंदा. दादाच्या घरातून निघाले, दहिसरला भाड्याने राहिले, मग बोरीवलीतच स्वतःची जागा घेतली. लग्न उशिरा केलं, माझ्या अटींवर. नवरा शांत मिळाला. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा पत्रिका आली होती. मी गेले नाही. काही वर्षांनी त्या वारल्याचं कळलं, तेव्हाही गेले नाही. आता साठी उलटली. पूर्वी भांडून आले की अंगात बळ यायचं, आता भांडून आले की झोप येते.

मागच्या वर्षी दादा माझ्या ऑफिसात आला. सत्तरीचा म्हातारा, हातात कागदांची पिशवी. आई-बाबांच्या पश्चात गावच्या घराला आम्हा दोघांची नावं लागलीत. पिंकीला आणि तिच्या नवऱ्याला ते घर पाडून नवं बांधायचंय. मी माझा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर सोपं जाईल.

"सही कर, शालू," तो म्हणाला. "तुला काय करायचंय ते घर? तू जातेस तरी कधी?"

"तू बोलावलंस कधी?"

"बहिणीला बोलावणं लागतं? आणि एवढं शिकवलं तुला, ते काय..."

मला वाटलं होतं, हे वाक्य आलं की मी पेपरवेट भिरकावीन. इतकी वर्षं तयारी करून ठेवली होती. पण आवाज चढलाच नाही. मी म्हटलं, "दादा, तुझ्या घरात मी तीन वर्षं होते, रेशनकार्डावर माझं नाव नव्हतं. कॉलेजात वर्षभर माझं नाव होतं, मी नव्हते. आता एका ठिकाणी तरी दोन्ही असू दे. नाव राहील, आणि मे महिन्यात मी येऊन राहीन. मधली खोली माझी. ती ठेवून बाकीचं हवं तसं बांधा."

त्याने समोरचा चहाचा कप उचलला. मग म्हणाला, "त्या बाई आल्या होत्या त्या रविवारी... त्यांनी मागितलं असतं ना, तर दोनेक दिवस मी दिले असते गं."

हे त्याने सहज सांगितलं, चहा संपवता संपवता. कागद पिशवीत घातले, जिना उतरला. दोन दिवस. मी त्याला तीनवर आणला असता.

मे महिन्यात गेले. एकटीच गेले. कुलपात तेल घालावं लागलं, घर झाडायला दीड दिवस गेला, कंबर धरली. रात्रीच्या रात्री हिशेब मांडत जागणारी मी, तिथे दुपारीही झोपले. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही गावाकडे आठवणींसाठी येतो. माझ्या आठवणी काही तितक्या गोड नाहीत. आणि माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या, भावांची पोरं वाढवून कुठल्या कुठल्या कागदावर हजर राहिल्या, त्यांना एवढंच सांगते की घर मला आता तेवढंच लागतं, जिथे कोणी माझ्याऐवजी उत्तर देत नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या खोलीत बसले होते. बाहेरून, बहुतेक खालच्या घरातल्या सुनेने, हाक मारली, "कोण आसा गो घरात?"

मी म्हटलं, "मी आसंय."